चेअरमनकाकूंचा तळहात

चेअरमनकाकू दूध चाखायच्या ते तळहातावर. वाटी नाही, चमचा नाही. समोरच्या बाईनं किटली पुढं केली की त्या उजव्या तळहाताचा खोलगट द्रोण करायच्या, त्यात घोटभर दूध घ्यायच्या, आधी हुंगायच्या, मग ओठ लावून ओढून घ्यायच्या आणि डोळे मिटून जरा थांबायच्या. रांगेतल्या बाया तेवढा वेळ गप्प. मग काकू म्हणायच्या, "वता." नाहीतर म्हणायच्या, "माघारी न्या बाई, ह्ये नासायला टेकलंय." संस्थेत फॅट काढायचं मशीन होतं, लॅक्टोमीटर होता, पण त्यांचा नंबर काकूंच्या तळहातानंतर लागायचा.

मी त्या संस्थेची सचिव होते. बी.ए. करून नोकरीच्या जाहिरातींची वाट बघत घरी बसले होते, तेव्हा काकूंनी बोलावून घेतलं. दिंद्रुडच्या अलीकडचं आमचं गाव. महिलांची दूध संस्था काढली तर मंजुरी लवकर मिळते, हे काकूंच्या थोरल्या दिरांना कुठूनसं कळलं होतं. ते तालुक्याच्या राजकारणात, गावाचं सगळं त्यांच्या ओसरीवर ठरायचं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंच्या जावेला, गाव 'मोठ्या बाई' म्हणायचं. चेअरमन व्हायला त्यांनी साफ नकार दिला. "शेणामुताच्या बायायमधी मी बसू व्हय? धाकटीला बसवा. तिला ना लेकरू ना बाळ, दिवसभर करती काय?" अशी काकूंची निवड झाली. दिरांना फक्त सहीपुरती बाई हवी होती. सहीबरोबर तळहातही येणार आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशीचं मला अजून लख्ख आठवतं. माझी माय रांगेत सगळ्यांत शेवटी होती. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीतल्या चार बाया आपणहून मागं उभ्या राहिल्या होत्या; असल्या जागी कुणी सांगावं लागत नाही, पायांनाच माहीत असतं. मायची किटली पुढं आली तशी पुढची एक बाई म्हणाली, "काकू, त्यायचं येगळ्या कॅनमधी घ्या की." काकूंनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मायच्या किटलीतलं दूध तळहातावर घेतलं, सगळ्या गावादेखत ओढून प्यायल्या आणि ओठ पदराला पुसले. "दूध म्हशीचं असतंय गं, माणसाचं न्हाई. वता ह्याच्यातच." मायनं मोठ्या कॅनमध्ये दूध ओतलं. मग काकू त्या बाईला म्हणाल्या, "आता काढ बरं तुझं येगळं." बाया हसल्या. दोघीतिघी घरी जाऊन कुरकुरल्या असतील, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या किटल्या हजर होत्या.

तेव्हापासून आमच्या वस्तीत म्हशी वाढल्या. आम्हाला शेती नाही, कडबा नाही. माय म्हशीला रस्त्याच्या कडेनं चारायची आणि उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा गोळा करून घालायची. काकू दूध चाखून डोळे न उघडताच म्हणायच्या, "आलं बाभळीचं दूध." मग मला चिडवायच्या, "सिक्रेटरी, तुझ्या मायला म्हणावं, म्हशीला एखाद्या दिशी सरकी दाखव तरी. न्हाईतर तिला वाटंल सरकी म्हंजे सरकारचीच बायको हाय." माझा पगार तुटपुंजा होता, पण असल्या बोलण्यानं सकाळ सरून जायची.

त्यांची दुसरी सवय विटेची. संस्थेत चहाचा स्टोव्ह होता. चहा झाला की काकू स्टोव्हवर एक भाजकी वीट ठेवायच्या, तापली की जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळायच्या आणि मांडीवर घेऊन ओटीपोटाशी धरायच्या. पोट दुखायचं त्यांचं. पाळीच्या दिवसांत तर असं दुखायचं की किटली उचलताना ओठ पांढरे पडायचे. मी एकदा म्हटलं, "काकू, दवाखान्यात दाखवा की." त्या विटेवर थोपटत म्हणाल्या, "ह्ये बाईमाणसाचं दुखणं गं, दवाखान्यात काय दाखवायचं? आन् ही हाय की माझी लेक. रोज मांडीवर घ्यावं लागतंय, नसता राहत न्हाई." बाया त्यावर हसल्या. मला काही हसू आलं नाही.

कारण त्यांना मूल नव्हतं आणि ती गोष्ट गावात कुणी एक दिवस विसरू दिली नव्हती. नवससायास झाले, अंगारे झाले, धर्मापुरीच्या देवळापर्यंत अनवाणी जाऊन झालं. नवरा, आमचे अण्णा, देवमाणूस. पण देव जसा देवळातून उठत नाही तसे अण्णा थोरल्या भावापुढं कधी उठले नाहीत. मोठ्या बाईंनी त्यांच्यासाठी आपल्या माहेरची एक मुलगी बघून ठेवली होती. "नांदू दे की दोघी. हिला कुठं हाकलायलोत?" असं त्या चारचौघींत म्हणायच्या. काकू ऐकून घ्यायच्या आणि पहाटे पुन्हा तळहात पुढं करून उभ्या राहायच्या. मला वाटतं, त्या घरात त्यांना काही किंमत होती ती ह्या पहाटेच्या तासाभराचीच.

मग दुष्काळ आला. पाऊस आधी चुकला, मग रुसला, मग आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, टँकरमागं घागरी धावू लागल्या, जनावरं छावणीत गेली. दूध निम्म्यावर आलं. आणि त्याच उन्हाळ्यात काकूंची पाळी थांबली.

आधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग पोट दिसायला लागलं. मोठ्या बाईंची माहेरची मुलगी एकदम चर्चेतून गेली. अण्णा पहिल्यांदाच संस्थेत येऊन काकूंसाठी खुर्ची ठेवून गेले. बायांनी ठरवलं, ओटी संस्थेतच भरायची. दुष्काळात कुठलं नारळ नि कुठली खारीक! तरी कुणी पसाभर गहू आणले, कुणी सुपारी, आणि माझ्या मायनं आठवडी बाजारातून हिरवी खणाची चोळी आणली. मायनं ओटी भरावी की नाही ह्यावर कुजबुज झाली. काकूंनीच पदर पसरला आणि म्हणाल्या, "भर गं. तुझ्या म्हशीच्या दुधावर राहिलंय ह्ये." माय रडायला लागली. काकू हसत होत्या. मी त्यांना तशा हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी वीट मांडीवरून काढली आणि दाराला टेकण म्हणून लावली. "जा बाई, आता तुझं काम सरलं," असं तिला म्हणाल्यासुद्धा.

हे लिहिताना मला राग येतो, पण कुणाचा करावा ते अजून कळलेलं नाही. आमच्याकडं बाईचं पोट वाढलं की त्याला एकच नाव ठाऊक. पोट वाढत होतं आणि दंड मात्र बारीक होत चालले होते. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. रोज दिवस कलला की अंगात कणकण यायची. बाया म्हणायच्या, पोटुशीला असंच असतं, लेकरू आईचं ओढून घेतं.

एका सकाळी सगळ्या गेल्यावर काकूंनी माझा हात धरून पोटावर ठेवला. पोट ताठ होतं, पाण्यानं भरलेल्या पखालीसारखं. "सिक्रेटरी, तू शिकलेली हायस. ह्ये हालत न्हाई गं. इतक्या दिसात एकदाबी हाललं न्हाई." मी बिनलग्नाची, मला काय ठाऊक? मी म्हटलं, "काकू, उद्याच माजलगावला जाऊ." त्या म्हणाल्या, "घरी सांगू नको. त्यायला आशा हाय."

माजलगावच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, "गर्भ नाहीये. पोटात पाणी झालंय, दोन्ही बाजूंना गाठी आहेत. अंबाजोगाईला न्या, उशीर करू नका." बसस्टँडवर काकू बाकावर बसल्या आणि पदराआडून ओटीतली हिरवी चोळी काढून घडी घालू लागल्या. ती त्यांनी अंगात घालायला आणली होती की डॉक्टरांना दाखवायला, देव जाणे. त्या रडल्या नाहीत. "मायला सांगू नको," एवढंच म्हणाल्या.

आता घरी सांगावंच लागलं. अंबाजोगाईला अण्णा आणि मोठ्या बाई दोघंही आले, पण बायकांच्या वॉर्डात अण्णा थांबायचे नाहीत आणि मोठ्या बाईंना तिथला वास सहन व्हायचा नाही. म्हणून आत मीच. सगळ्यांना कॅन्सरचं भय होतं, डॉक्टरीणबाईंनाही. त्यांनी पोटातलं पाणी तपासलं, छोटा छेद देऊन आतला तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट आल्यावर त्या स्वतः खाटेपाशी येऊन बसल्या. "कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या, "हा क्षय आहे. टीबी. गर्भाशयाच्या दोन्ही नळ्यांना आणि बीजकोशांना झालेला. असा पटकन ओळखू येत नाही, आत गुपचूप वर्षानुवर्षं बसून राहतो. नळ्या त्यानं केव्हाच बुजवून टाकल्यात."

काकूंनी विचारलं, "म्हंजे लेकरू ह्याच्यामुळंच न्हाई झालं?"

"हो. तुमचा काही दोष नाही त्यात."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला खोकल्याचं जुनं दुखणं होतं का? काकू म्हणाल्या, "सासरे खोकून खोकूनच गेले. मी नवी नवरी होते. त्यायच्या थुंकीचं गाडगं मीच उचलायची, दुसरं कोण उचलणार?" डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "तिथूनच आला असणार. आधी छातीत, मग रक्तातून खाली." उठता उठता त्यांनी आणखी एक प्रश्न केला, कच्चं दूध पिता का? मी दचकून काकूंच्या तळहाताकडं बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कच्च्या दुधातूनही होतो कधी कधी, पण ते क्वचित. तुमच्या बाबतीत सासऱ्यांचंच कारण दिसतंय. तरी यापुढं दूध उकळूनच प्यायचं." औषध बरेच महिने घ्यायचं, एक दिवस चुकवायचं नाही, मूल होणार नाही, पण तुम्ही बऱ्या व्हाल, हेही त्यांनी सांगितलं.

मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि गावात येताना त्यातला एकच शब्द बरोबर आणला. दूध.

आठवड्याच्या आत गावाला सगळं कळलं होतं. चेअरमनकाकूंच्या पोटात किडा पडला तो दुधातून. आता दूध तर साऱ्या गावाचं चाखलेलं. मग किडा नेमका कुणाच्या दुधातून आला? त्याला फार डोकं चालवावं लागलं नाही. म्हशी रस्त्यावर कुणाच्या चरतात, शेंगा कोण घालतं, रांगेत मागं कोण उभं राहतं? वड्याचं तेल वांग्यावर काढायचं ठरलं की वांगं कुठं पिकतं हे गावाला पाठ असतं. माझ्या मायला टँकरवर एक बाई म्हणाली, "तुमीच त्या बिचारीची कूस खाल्ली." ओटीत चोळी घालणारी माझी माय त्या दिवशी रिकामी घागर घेऊन परत आली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

काकू औषधावर होत्या. पोट उतरायला लागलं होतं, तोंडाला चव आली होती. मी भेटायला गेले तर मोठ्या बाई शेजारी बसून त्यांना स्वतःच्या हातानं गरम भात भरवत होत्या. त्या आत गेल्यावर काकूंनी मला जवळ ओढलं. "बघ, किती जीव लावायलेत. त्यायच्या पोरीचं जमायलंय, लग्नाचं. सोयरिकीला कळलं की घरात टीबी होता, तर मोडंल म्हणत्यात. मला म्हणाल्या, तुला काय बोलायचं न्हाई, नुसतं गप बसायचं. दुधानं झालं म्हणू दे लोकायला. गप बसलीस तर अण्णाचं दुसरं लगीन आमी काढणार न्हाई, तू घरात ऱ्हाशील, औषधपाणी आमी बघू."

"आणि नाही गप बसलात तर?"

"तर घाटनांदूरला भाऊ हाय माझा." त्यांनी विटेवर हात ठेवला. संस्थेच्या दारातली ती वीट पुन्हा मांडीवर आली होती. "मला कळंना गं सिक्रेटरी. मला बरं व्हायचंय. लेकरू नसलं तरी मला जगायचंय."

मी त्यांना बोला असंही म्हटलं नाही आणि गप बसा असंही नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? घर त्यांचं जाणार होतं.

पुढच्या सोमवारी संस्थेत आमच्या वस्तीच्या बायांसाठी वेगळा कॅन आला. थोरल्या दिरांनी पाठवलेला, कोरा करकरीत. माय आणि बाकीच्या तिघी किटल्या घेऊन बाजूला उभ्या होत्या. तेवढ्यात रस्त्यानं काकू येताना दिसल्या. हातात वीट नाही, काठी नाही. एका हातानं भिंत धरत, थांबत थांबत आल्या. बाया बाजूला झाल्या. काकू त्यांच्या जुन्या जागी उभ्या राहिल्या आणि मायला म्हणाल्या, "आण इकडं."

मी म्हटलं, "काकू, कच्चं नाही प्यायचं."

"मग स्टोव्ह पेटव की. इथं चेअरमन कोण हाय?"

मी मायच्या किटलीतलं दूध उकळलं. ते निवेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. काकूंनी तळहाताचा द्रोण केला, दूध घेतलं, डोळे मिटले आणि ओढून प्यायल्या. मग बोलल्या, आवाज चढवला नाही. "माझ्या सासऱ्याला क्षय होता. त्यायचं गाडगं मी उचललंय, ह्या हातानं. ही बाधा आमच्या घरची हाय. डॉक्टरीणबाईनं मला तोंडानं सांगितलंय, सिक्रेटरी साक्षीला हाय. कुणाच्या म्हशीचं नाव घ्यायच्या आधी माझ्या सासऱ्याचं नाव घ्या." आणि नव्या कॅनकडं बोट करून म्हणाल्या, "ह्ये उचला इथून. वता एकातच."

मायनं ओतलं.

आठ दिवस माहेरी जाऊन ये, हवापालट होईल, असं सांगून काकूंना पाठवण्यात आलं. अण्णा स्टँडपर्यंत सोडायला आले होते. आठ दिवसांचंच म्हणून काकूंनी दोन लुगडी घेतली; गोळ्यांचा त्यांच्या नावाचा डबा गावातल्या उपकेंद्रातच राहिला. आठ दिवसांनी आणायला कुणी गेलं नाही. नर्सताई गोळ्या द्यायला घरी गेल्या की मोठ्या बाई सांगायच्या, आज येईल, उद्या येईल. मी शेवटी खटपट करून तो डबा घाटनांदूरच्या दवाखान्यात पोचता करवला, पण मधे फार दिवस गेले होते. डॉक्टर म्हणाले, आतडी एकमेकांना चिकटायला लागलीत. मोठ्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरल्या तिथीला झालं. अण्णांचंही झालं, फार गाजावाजा न करता.

आणि तो कोरा कॅन परत आला. काकूंच्या जागी मोठ्या बाईंच्या सूनबाई चेअरमन झाल्या. चाखण्याची पद्धत बंद झाली. स्वच्छतेच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते, डॉक्टरही तेच म्हणाले असते. मशीन आमच्या कॅनलाही तेवढंच फॅट दाखवायचं. पण कॅन दोन.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा संपता संपता मी काकूंना भेटायला घाटनांदूरला गेले. माय म्हणाली, हात हलवत कशी जातेस, म्हणून तिनं स्टीलच्या डब्यात दूध उकळून दिलं. भावाच्या घरी मागच्या खोलीत काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा इतका लहान झाला होता की मला आधी ओळखूच आल्या नाहीत. मांडीवर फडक्यात गुंडाळलेली वीट होती. मला बघून म्हणाल्या, "आली व्हय सिक्रेटरी! बस. च्या करायला सांगते, पर आमची भावजय बहिरी हाय, मी सांगितलेलं तिला ऐकू येत न्हाई." एवढं बोलून त्यांना धाप लागली.

मग त्यांनी पहिला प्रश्न तोच केला. "कॅन एकच हाय नव्हं?"

मी म्हटलं, "एकच हाय काकू. सगळ्यांचं एकातच." आणि डबा पुढं केला. "हे बघा, त्यातलंच आणलंय तुमच्यासाठी. उकळलंय."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तळहाताचा द्रोण केला. बोटं आता नीट जुळत नव्हती, मी खालून हात धरला. त्यांनी हुंगलं, ओठ लावले, दूध ओढून घेतलं आणि डोळे मिटून थांबल्या. फार वेळ थांबल्या.

"बाभळीचंच लागतंय की गं," त्या हळूच म्हणाल्या. "निव्वळ तुझ्या मायचं. सगळ्यायचं असतं तर असं लागलं नसतं."

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा तळहात पुढं केला. मी ओतत गेले, त्या पीत गेल्या, डबा रिकामा होईपर्यंत. मग तळहात पदराला पुसून त्यांनी वीट पोटाशी ओढून घेतली.

"दूध चांगलं हाय," काकू म्हणाल्या. "मायला सांग."